आणखी तीन वर्षं इकालुइटलाच

प्रिय आई आणि बाबा,

तुम्हां दोघांना सप्रेम सलाम.

हे रविवारच्या फोनवरच सांगायचं होतं. पण आईनं नाताळच्या तिकिटांचा विषय काढला, तेवढ्यात छकुली पडलेला दात दाखवायला मध्ये आली आणि माझा धीरच झाला नाही. ताई या पत्राची प्रिंट काढून आणेल. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा. आई, तू डोळ्यांना ताण द्यायचा नाहीस.

मी इथली, कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या इकालुइटमधली, पाळकपणाची मुदत तीन वर्षांनी वाढवून घेतली. बिशपसाहेबांना होकार कळवलाय. या नाताळात येणं जमणार नाही, मेमध्ये मात्र नक्की येतोय, तिकिटं बघायला लागलोय.

पैशासाठी राहिलो असं मनात आणू नका. इथं भाजीपालासुद्धा विमानानं येतो, त्यामुळे पगारातला मोठा वाटा किराण्यातच जातो. मुलांच्या शाळेसाठी म्हणावं, तर नगरच्या शाळेत काय वाईट होतं? कारण वेगळंच आहे. इथं पाळक, शिक्षक, नर्स, सगळे दक्षिणेकडून येतात आणि वर्षा-दोन वर्षांत सामान बांधतात. आर्क्टिकमधल्या कितीतरी मंडळ्यांना कायमचा पाळकच नाही. आमच्या मंडळीत एक आजी आहेत. लहानपणी त्यांना आईवडिलांपासून तोडून निवासी शाळेत नेलं होतं. तशा शाळा आपल्याच चर्चनंही चालवल्या. चर्चनं 1993 साली माफी मागितली, पण माफीनं बालपण परत येत नाही. तरी या आजी दर रविवारी येतात, पुढच्या बाकावर बसतात आणि दारात हात मिळवताना मला विचारतात, "कधी जाणार?" रागानं नाही, सवयीनं. गेल्या हिवाळ्यात कोवळ्या पोरांना माती द्यायची वेळ आली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, आईला झोप लागणार नाही. पण त्या घरांतून आता उठून यावं असं मला वाटेना. बाबा, शेवगावच्या वेळी आजोबांना तुम्ही काय सांगितलं होतं, ते तुम्हाला आठवत असेलच.

आता आईची काळजी. घरात थंडी नसते गं! हीटर चोवीस तास चालतो, मी अर्ध्या बाहीच्या शर्टात बसून हे लिहितोय. बाहेर फेब्रुवारीत उणे तीस सहज होतं आणि वारा सुटला की पापण्यांवर बर्फ धरतो, पण बाहेर असतो किती वेळ? बारक्याला शेजारच्या बाईंनी पार्का शिवून दिलाय. टोपीच्या कडेला दाट लव आहे, त्यातून फक्त नाक दिसतं. डिसेंबरात सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेदोनच्या आत मावळतो, म्हणून मुलांना व्हिटॅमिन डी चालू आहे, डॉक्टरांना विचारून. हवा फार कोरडी, म्हणून झोपताना दोघांच्या टाळूला खोबरेल चोळतो, तू माझ्या चोळायचीस तसं. बारका तेवढ्यातच झोपतो. मला कधी कधी वाटतं, कुणीतरी माझ्याही डोक्यावर हात फिरवावा.

पाणी टँकरनं येतं, घरातली टाकी भरून जातात. वादळ आलं की टँकर येत नाही, मग भांडी तशीच ठेवायची आणि अंघोळीला सुट्टी. नगरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला याचं काय! तांदूळ, तूरडाळ, ज्वारीचं पीठ वर्षाचं एकदम मागवतो. या गावाला बाहेरून रस्ता नाही, आणि समुद्र गोठलेला असतो म्हणून जहाजं उन्हाळ्यातच येतात. पोती लावली की घर आपल्या जुन्या कोठीसारखं दिसतं. तुझं येसर अजून आहे. परवा मंडळीतल्या एकानं इथला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा आणून दिला, सूनबाईनं येसर घालून रस्सा केला. त्यानं दोनदा मागून घेतला आणि घाम पुसत राहिला.

आठवडा कसा जातो विचारत होतीस. रविवारी सकाळी इंग्रजी उपासना, नंतर इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इथल्या इनुइट लोकांच्या भाषेत. तिथं संदेश इथलाच एक भाऊ देतो. मी शास्त्रपाठ आणि आशीर्वाद अडखळत वाचतो, आणि चुकलो की पुढच्या बाकावरून आजी हळूच दुरुस्त करतात. बाबा, 2005 मध्ये जळालेलं इग्लूच्या आकाराचं चर्च 2012 साली पुन्हा उघडलं, त्याच वर्षी संपूर्ण बायबल इनुक्टिटुटमध्ये आलं. भाषांतर इथल्याच पाळकांनी केलं. तुम्हाला त्याची एक प्रत आणतोय, अक्षरं बघून खूश व्हाल. सोमवारी सुट्टी, त्या दिवशी घरात मराठीच बोलायचं असा नियम आहे. मधले दिवस दवाखाना, घरभेटी, बायबल अभ्यास. शनिवारी रात्री संदेश लिहून झाला की आम्ही चौघं बसून तुमचं आवडतं गीत म्हणतो. छकुली पेटी धरते, सूर तुझाच घेतलाय तिनं.

आता नीट ऐका. बाबा, स्कूटर बंद. किल्ली ताईकडे द्या, मी तिच्याशी बोललोय. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. नाताळ फेरीला पहाटे जायचंच असेल तर कानटोपी घालून जा, आणि शेवटच्या घरापर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत करून घे, माझी वाट बघू नकोस. मी असतो तर बरं झालं असतं, हे मला कळतं गं. ताई आणि दाजी आठ दिवस येऊन राहणार आहेत. करंज्या यंदा विकत आणा. रात्री बाथरूमचा दिवा चालू राहू दे, बिलाचा विचार करू नका. आणि इकडे पार्सल पाठवू नकोस, येसर मेमध्ये मीच घेऊन जाईन, तेवढं करून ठेव.

रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला, आमची उपासना सुरू व्हायच्या आधी, फोन करतो. रागावला असाल तर तेव्हा रागवा, पण फोन उचला.

तुमचा,
बाळू