मुलांच्या रोजच्या शास्त्रवाचनाविषयी

प्रिय दादा आणि वहिनी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

वहिनी, मुलांना पवित्र शास्त्र रोज वाचून दाखवायचे ठरवले तरी चार दिवसांत घडी मोडते, असे तुम्ही कळवले होते. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत रोज एक अध्याय वाचायचा दादाचा बेत आहे, हेही समजले. दादा, बेत मोठ्या माणसांसाठी चांगला आहे, पण मुलांसाठी मला तो पटत नाही. एकूण ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज एक वाचला तरी सव्वातीन वर्षे लागतील, आणि पहिल्या चार महिन्यांतच निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे, लेवीय पुस्तकातील यज्ञांचे नियम आणि गणना पुस्तकातील शिरगणती समोर उभी राहील. तिथे मोठी माणसेही थबकतात. मग चार वर्षांच्या मुलाचे काय घेऊन बसलात? शिवाय एका बैठकीत अध्याय संपवलाच पाहिजे, असे बंधन मूळ लेखकांनी घातलेले नाही. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातील वचनांचे आकडे १५५१ सालचे आहेत. म्हणून जिथे प्रसंग संपतो तिथे थांबावे, मग ती सात वचने असोत की वीस.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. त्याचे सोळाच अध्याय आहेत, आणि त्यात लांब प्रवचनांपेक्षा घडामोडी अधिक आहेत. छप्पर उकरून खाली सोडलेला पक्षघाती, नावेत उशीवर डोके ठेवून झोपलेला येशू आणि भोवती उसळलेले वादळ, याईराची बारा वर्षांची मुलगी, हे सारे पहिल्या पाच अध्यायांतच येते. त्यानंतर लूकच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेले मेंढरू आणि हरवलेला मुलगा, मग रूथ आणि योना (दोन्ही पुस्तके चार-चार अध्यायांची), आणि पुढे उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायापासून योसेफाची गोष्ट घेता येईल. शास्ते या पुस्तकाचा शेवट मात्र मुले मोठी होईपर्यंत खुशाल बाजूला ठेवा. त्यात शास्त्राचा अनादर होत नाही.

घडी मोडते ती बहुधा वेळेमुळे. आपण दिवसात एक नवा तास निर्माण करू पाहतो आणि तो कोणालाच सापडत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा आहे, आणि तिथे सांगितलेल्या वेळा पाहा: घरी बसले असता, वाटेने चालत असता, निजताना आणि उठताना. या चारही वेळा प्रत्येकाच्या दिवसात आधीपासूनच असतात. तुमच्या घरी निजण्याची वेळ सर्वांत ठरलेली दिसते, तेव्हा अंथरुणावर पडल्यावर आणि प्रार्थनेच्या आधी, अशी वाचनाची जागा कायमची करून टाका. पाच-सात मिनिटे पुरेत, आणि मुलाला आणखी ऐकावेसे वाटत असतानाच पुस्तक मिटलेले बरे.

वाचून झाल्यावर ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याला मुले मोठ्यांना आवडेल तेच ठरावीक उत्तर देतात आणि गोष्ट तिथेच संपते. त्याऐवजी नावेत कोण घाबरले होते, वादळ थांबल्यावरही शिष्यांना भीती का वाटली, असे मजकुरातले विचारा. नहेम्याच्या काळी लोकांपुढे नियमशास्त्र वाचले गेले तेव्हा ते स्पष्ट वाचून त्याचा अर्थही सांगितला गेला, तेवढेच आपल्यालाही करायचे आहे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सरळ सांगा. मुलांचा विश्वास त्याने डळमळत नाही. धाकटा योनाचीच गोष्ट पुन्हा मागत असेल तर पुन्हा वाचा. थोरली आता अक्षरे जोडून वाचते, तेव्हा दोन वचने तिच्या वाट्याला द्या आणि ती अडखळली तरी मध्येच दुरुस्त करू नका.

धाकट्यासाठी चित्रांचे पुस्तक अवश्य घ्या, पण त्याच्याजवळ खरे शास्त्रही उघडलेले असू द्या, म्हणजे गोष्ट कुठून आली हे त्याला दिसेल. भाषांतर सोप्या मराठीतले निवडा. सामान्य माणसाला समजावे म्हणूनच पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आयुष्याची शेवटची वर्षे खर्च करून भाषांतर केले होते. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. सगळे थकले असतील त्या रात्री ११७ वे स्तोत्र वाचा. त्याला दोनच वचने आहेत आणि तरीही वाचन झाले असे मुलाला वाटते. बक्षिसांचा तक्ता भिंतीवर लावू नये असे माझे मत आहे, आणि खोडी केल्याची शिक्षा म्हणून तर वचने कधीच पाठ करायला लावू नका.

आणखी एक. हे काम आपल्या आईलाही, म्हणजे मुलांच्या आजीलाही, वाटून द्या. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लहानपणापासून शास्त्र ठाऊक होते, आणि पौल त्याला पत्र लिहिताना त्याच्या आईच्या, युनीकेच्या, आधी आजीचे, लोईसचे, नाव घेतो. दादा कामावरून उशिरा येतो त्या दिवशी आईने वाचले तर खंड पडणार नाही, आणि आईइतके सावकाश आपल्या घरात कोणीच वाचत नाही.

मार्क संपत आला की कळवा. पुढे रूथ घ्यायचे की योना, ते थोरलीला ठरवू द्या.

आईला सलाम, मुलांना पुष्कळ आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण