‘खेळताना’ हा शब्द मागे घ्यावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वैरण बारीक कापणाऱ्या कडबाकुट्टी यंत्रात आठ वर्षांच्या मुलाचा हात गेल्याची पाच ओळींची बातमी कालच्या अंकात आतल्या पानावर वाचली. ‘खेळता खेळता हात अडकला’ असे आपल्या वार्ताहराने लिहिले आहे आणि ‘प्रकृती स्थिर आहे’ एवढे सांगून बातमी संपवली आहे. त्या दोन वाक्यांपायी रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

वैरणीच्या वेळी, मोटर चालू असताना त्या यंत्रापाशी कोणतेही पोर खेळत नसते. ते पेंढी सारत असते. १९८८ साली खटाव तालुक्यातल्या आमच्या घरी माझा धाकटा भाऊ हेच करत होता, आणि तोही तेव्हा आठच वर्षांचा होता. वीज ठरावीक वेळच असे. ती जाण्याआधी कुट्टी उरकायची म्हणून वडिलांनी त्याला यंत्राच्या तोंडाशी उभे केले होते. पेंढीबरोबर रुळांनी बोटे आत ओढली. मोटर बंद केली तरी पात्यांचे जड चाक काही वेळ फिरतच राहते, त्यामुळे मनगटाच्या वरपर्यंत हात गेला. दवाखान्यात वडील म्हणाले, ‘खेळता खेळता गेला, साहेब.’ त्यांना पोलिसांची भीती वाटली, हे मी समजू शकतो. पण केसपेपरवरचा तो शब्द घरातही कायमचा राहिला. मास्तर, पाहुणे, लग्नासाठी स्थळ बघायला गेलो त्या घरची माणसे, सगळी जण ‘लहानपणी फार खोडकर होता वाटतं’ असे म्हणत आणि वडील मान खाली घालून बसत. भावाने स्वतःही ते खरे मानले होते.

प्रकृती त्याचीही स्थिरच होती. मात्र वाढत्या वयात तुटलेल्या हाडाचे टोकही वाढत जाते आणि कातडीला आतून टोचू लागते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. अकराव्या आणि तेराव्या वर्षी पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. मी लालबागला चुलत्यांकडे राहत होतो. दोन्ही वेळा आई त्याला घेऊन चाळीतल्या त्या एका खोलीत महिनाभर राहिली. हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत बसवून घेतलेला कृत्रिम हात त्याची उंची वाढली तसा तोकडा पडला, आणि ऐन सुगीत तो बदलायला मुंबई गाठणे जमले नाही, तेव्हापासून तो पेटीतच आहे. या फेऱ्यांपायी तीन एकरांतला एक एकर विकावा लागला. धारा काढायला माणूस हवे म्हणून बहिणीची शाळा सातवीतच सुटली. भाऊ आजही शेतीच करतो. दाव्याची गाठ तो दातांनी आवळतो. त्याचे पुढचे दोन दात झिजून अर्धे राहिले आहेत.

आता सरकारी मदतीविषयी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये मिळतात, परंतु वयाची अट १० ते ७५ वर्षे अशी आहे. आपल्या बातमीतले मूल त्यात बसत नाही. दहा वर्षांखालचे मूल शेतकऱ्याच्या घरात काम करत नाही, असे ज्यांनी गृहीत धरले, त्यांनी सकाळी सात वाजता एखाद्या गोठ्यात येऊन पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ही अट बदलण्याची मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

बातमीचे कात्रण मी काल भावाला पाठवले. त्याचा लगेच फोन आला. ‘दादा, कुठला हात गेला रे त्याचा, उजवा की डावा?’ एवढेच त्याने विचारले. आपल्या बातमीत ते दिलेले नाही.

आपला नियमित वाचक,
लालबाग, मुंबई