डेम्पस्टरच्या वाटेवरून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कॅनडाच्या उत्तर टोकाकडे जाणाऱ्या डेम्पस्टर महामार्गावरून नुकताच परतलो आहे आणि तुला त्याविषयी लिहिल्यावाचून चैन पडत नाही. डॉसन सिटीच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर हा रस्ता सुरू होतो आणि टूम्बस्टोनच्या सुळक्यांजवळून, आर्क्टिक वृत्त ओलांडून, ७३० किलोमीटरहून दूर असलेल्या इनुविकला पोहोचतो. नाव महामार्गाचे असले, तरी तो जवळजवळ सगळा खडीचा आहे. खालची जमीन बारमाही गोठलेली; तिच्यावर खडीचा जाड भराव घातला आहे, तो उन्हाळ्याची ऊब आतल्या बर्फापर्यंत पोहोचू नये म्हणून. तो नसता, तर बर्फ वितळून रस्ताच खचला असता.

ईगल प्लेन्सच्या अलीकडे आमचे मागचे चाक बसले, तेव्हा रबरात नखाएवढी काळी, धारदार कपची रुतलेली दिसली. जॅक लावेपर्यंत डासांनी मान आणि मनगटे फोडून काढली. समोरून येणारा एक ट्रकचालक, आम्ही हात केला नसतानाही थांबला आणि सगळे नट घट्ट बसल्याची खात्री करूनच पुढे गेला. मला त्या माणसाचे फार अप्रूप वाटले.

रस्त्याच्या नावामागची हकिगत मात्र मनाला चटका लावते. १९१०-११ च्या हिवाळ्यात फिट्झजेराल्ड आणि त्यांचे तीन सहकारी पोलिसांची टपाल-गस्त घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले. वाटेत भेटलेल्या, तिथल्या मूळ रहिवासी ग्विचिन लोकांपैकी असलेल्या वाटाड्याला त्यांनी थोडे अंतर गेल्यावर निरोप दिला. पुढे वाट सापडली नाही आणि परतीच्या वाटेवर चौघेही दगावले. मार्च १९११ मध्ये त्यांचे मृतदेह शोधून काढणाऱ्या, त्याच पोलिस दलातल्या डेम्पस्टर यांचे नाव रस्त्याला मिळाले, ते योग्यच. पण तो मुलूख ज्यांच्या पायाखालचा होता, त्या ग्विचिन लोकांचेही नाव त्याला जोडले जायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

पुढे पील आणि मॅकेंझी या नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात गाड्या फेरीबोटीने पलीकडे जातात. पुढल्या वर्षी तू येणार असशील, तर दोन स्टेपन्या घेऊ आणि २०१७ मध्ये खुल्या झालेल्या रस्त्याने इनुविकच्याही पुढे, टक्टोयाक्टकच्या समुद्रापर्यंत जाऊ. रजेचे लवकर कळव.

तुझा,
अविनाश