बटरच्या त्या वेगळ्या वाटीसाठी

शेफ आणि स्वयंपाकघरातल्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आम्ही सहा मैत्रिणी शनिवार-रविवार तुमच्या स्पामध्ये राहून गेलो. मसाज, वाफ, गरम पाण्याचं कुंड, सगळंच उत्तम होतं आणि त्याबद्दल अभिप्रायाच्या वहीत लिहिलं आहे. हे पत्र मात्र जेवणासाठी, आणि त्यातही एका वाटीसाठी.

आमच्यातल्या एकीला सिलिअ‍ॅक हा आजार आहे. लोकांना ते डाएटचं खूळ वाटतं. पण गहू, बार्ली, राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की अशा माणसाच्या शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन जात राहिलं, तरी काही महिन्यांत त्या अस्तराला इजा होऊ शकते. पावाच्या एका स्लाइसमध्ये ते सुमारे २ ग्रॅम असतं, म्हणजे हिशेब स्लाइसच्या चाळिसाव्या भागाचा. एवढा चुरा सहा जणींच्या सुऱ्या एकाच बटरमध्ये फिरल्या की सहज जमतो.

म्हणून ती वाटी. पावाची टोपली टेबलावर यायच्या आधीच तिच्या ताटलीशी झाकणाची एक छोटी वाटी आणि तिची वेगळी सुरी येऊन बसली होती. कुणी मागितली नव्हती. आतल्या बटरच्या कडा अजून धारदार होत्या, म्हणजे तुकडा नव्या लादीतून कापलेला होता, सगळ्यांच्या भांड्यातून उचललेला नव्हता. वाढणाऱ्या मुलानं कसली घोषणा केली नाही. झाकण उचललं, तिच्याकडे बघून मान हलवली आणि तो पुढे गेला. चारचौघांत तिला पेशंट न करता तिची काळजी घेतली गेली. तिचा चेहरा तेव्हा कसा सैल झाला, ते तुम्ही पाहायला हवं होतं.

याआधी एका अशाच आलिशान ठिकाणी बुकिंग करताना दोनदा सांगूनही तिच्या सूपवर तळलेले ब्रेडचे तुकडे आले होते. सांगितल्यावर तोच बाउल आत गेला आणि तुकडे वेचून परत आला. वर प्रश्न, ‘थोडंसं चालत नाही का?’ तुकडा वेचला तरी ग्लुटेन सूपमध्ये उतरलेलं असतं आणि ते उकळूनही जात नाही. शेवटी तिनं फळं आणि उकडलेली अंडी यांवर मुक्काम काढला. बाकीच्यांच्या घशाखालीही मग घास नीट उतरत नाही.

तुमच्याकडून आधीच फोन आला होता. सिलिअ‍ॅक आहे की नुसती आवड? ओट्स चालतात का? सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का? ओट्सचा प्रश्न जाणकारच विचारतो, कारण शुद्ध ओट्ससुद्धा सिलिअ‍ॅक असलेल्या काहींना सोसत नाहीत. बटाट्याचे काप वेगळ्या तेलात तळले होते. पाव तळलेल्या तेलात बटाटा टाकला की तो बटाटा बटाटा राहत नाही. सॉससाठी गहू नसलेला सोया सॉस वापरला होता, कारण नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. सूपला दाटपणा मैद्याऐवजी भोपळ्याच्या गरानं आणला होता.

आणि तो चॉकलेट-बदामाचा केक! तिच्यापुरती वेगळी फळांची वाटी न देता सगळ्या टेबलालाच पिठाशिवायचा केक. पिठाचं काम फेसलेल्या अंड्याच्या पांढऱ्यानं केलं होतं. मध्यभागी ओलसर, कडेला पातळ कुरकुरीत पापुद्रा आणि करपल्याची चव कुठेच नाही, म्हणजे ओव्हन मंद ठेवला होता. बदामाच्या पुडीला घाई सोसत नाही. अशा केकमध्ये बेकिंग पावडरही तपासावी लागते, कारण काहींमध्ये गव्हाचा स्टार्च असतो. तुम्ही ती घातलीच नव्हती.

जेवणाच्या वेळाही विचार करून बांधल्या होत्या. भरल्या पोटी वाफेत बसलं तर रक्त पचनाकडेही हवं असतं आणि त्वचेकडेही, मग उठताना भोवळ येते. म्हणून आधी हलकं आणि थोडं, मोठं जेवण सगळं आटोपल्यावर, आणि दुपारच्या जेवणानंतर मसाजला दोन तासांचं अंतर. सॉनाच्या, म्हणजे तापवलेल्या खोलीतल्या, एका बैठकीत अर्धा लिटर घाम सहज जातो, म्हणून बाहेर आल्यावर पाणी आणि सोबत कोमट, खारट भाज्यांचं सूप. वाइन रात्रीच्या जेवणाबरोबरच. स्वागताच्या रसात ग्रेपफ्रूट (पपनसासारखं फळ) असल्याचं कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं, हे फार बरं केलंत. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात त्या रसामुळे औषधाचं प्रमाण वाढतं. एरवी ही चौकशी कोण करतं?

पैसे मोजले की मऊ टॉवेल आणि सुंदर ताटल्या कुठेही मिळतात. समोरच्याच्या अडचणीवर तो सांगेल तेवढा विश्वास ठेवणं, त्याला पुरावा मागायला न लावणं, ही माणुसकी मात्र दरपत्रकात नसते. तुमच्या स्वयंपाकघरात ती मुरलेली दिसली.

खास आभार भांडी घासणाऱ्यांचे. सॅनिटायझर फवारून ग्लुटेन मरत नाही. गाळणी, चिमटे, चिरायच्या पाट्या साबण-पाण्यानं घासूनच ते निघतं. म्हणजे तिच्या ताटाची खरी जबाबदारी त्यांच्या हातांवर होती. त्यांना हे पत्र जरूर वाचून दाखवा.

आणि एक विनंती. केकमधली बदामाची पूड सोललेल्या बदामांची होती की सालीसकट, यावर आमच्यात अजून एकमत नाही. तेवढं कळवाल का?

तुमच्या,
खिडकीजवळच्या टेबलावरच्या सहा जणी