शनिवारी ट्रक बघायला जाताना

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

दादा तुम्हा दोघांना घेऊन डीलरकडे वापरलेला एफ-१५० (फोर्डचा पिकअप ट्रक) बघायला जाणार आहे, हे फार बरं झालं. बाबांनी ट्रक बघावा, आईने कागद.

बाबा, “आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका” असं डीलरला आदल्या दिवशीच कळवायला दादाला सांगा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा, पण थंड इंजिन ऐकल्याशिवाय पुढे बोलू नका. ३.५ लिटर इकोबूस्ट (फोर्डचं टर्बो इंजिन) असेल, त्यातही २०१७ ते २०२० मधलं, तर कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारा भाग) खराब झाल्याची खडखड सुरुवातीचे काही सेकंदच येते. तेलाचा दाब चढला की आवाज बंद. दुरुस्तीला इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागते, खर्च हजारो डॉलरचा. तुमच्या कानाला ती लगेच कळेल.

मग चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा. ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. २०१५ पासून एफ-१५०ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, त्यामुळे वरून ट्रक चकाचक दिसतो. चेसिस मात्र पोलादाचीच. टॉर्च मारून मागच्या स्प्रिंगच्या पाट्या चेसिसला जोडणारे हँगर, शॅकल आणि ब्रेकच्या नळ्या बघा. वरवरचा तांबूस गंज चालेल. पापुद्रे सुटत असतील किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जात असेल, तर तिथूनच परत फिरा. ताजा काळा थर मारलेला असेल तर जास्तच संशय घ्या, गंज झाकायला तो सोयीचा पडतो. गुडघ्यांना त्रास देऊन खाली वाकू नका. दादाने मोबाईलवर फोटो काढावेत, तुम्ही मोठे करून बघा.

दादाने ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) न्यावा. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नसला तरी रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का, ते बघायचं. बरेचसे ‘नॉट रेडी’ असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

त्याला ६,००० पौंडांचा ट्रेलर ओढायचाय ना? त्यातले ६०० ते ९०० पौंड हुकवर येतात आणि ते पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःवर पेलू शकेल त्या वजनातून, वजा होतात. ट्रकचा खरा पेलोड ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, जाहिरातीतला आकडा धरू नका.

आई, तुझं काम फायनान्सच्या खोलीत. “महिन्याला किती जमेल?” असं विचारतील. उत्तर देऊ नकोस. कर, डॉक फी (डीलरचं कागदपत्रांचं शुल्क), नोंदणी धरून एकूण आकडा कागदावर माग. ३०,००० डॉलर ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता ६२३, व्याज साधारण ७,३७०. ७ वर्षांसाठी हप्ता ४८३ वर येतो, पण व्याज १०,५४० च्या घरात. आधी क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) कर्जमंजुरी आणली की तुलना करता येते. वाढीव वॉरंटी, टायरमधला नायट्रोजन, काचेवर नंबर कोरणं, हे सगळं ऐच्छिक आहे.

वापरलेल्या गाडीच्या खिडकीवर ‘बायर्स गाइड’ हा हमीची माहिती देणारा कागद लावणं केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. त्यावर ‘ॲज इज’ची (आहे त्या स्थितीत) खूण असेल तर डीलरची काहीच हमी नाही. “ते आम्ही करून देऊ” असं काही म्हणाले तर त्याच कागदावर लिहून घे. तीन दिवसांत गाडी परत देता येते असं अनेकजण समजतात. पण डीलरच्या दुकानात घेतलेल्या गाडीला तीन दिवसांचा तो केंद्रीय नियम लागू नाही. म्हणून सही करण्याआधी बाहेरच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून तपासणी करून घ्या. डीलर गाडी न्यायला देत नसेल तर तो ट्रक सोडून द्या.

तुमची लेक