स्पीकरच्या खोक्यावरचे फुगवलेले वॅट

महोदय,
सण जवळ आला की आमच्या परभणीच्या बाजारात स्पीकरच्या खोक्यांवर ‘५००० वॅट पीएमपीओ’ झळकतं. पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कागदावरची कमाल ताकद; आकडा निव्वळ फुगवलेला! आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, विचारा. दुकानदार बहुतेकदा विषय बदलतो. १० बाय १२च्या खोलीला चॅनेलमागे (म्हणजे दर स्पीकरला) २०-३० वॅट रग्गड झाले. त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते: ८६ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. खिशात आठ-दहा हजारच असतील तर पाच डबड्यांच्या होम थिएटरपेक्षा दोनच बरे घ्या. तबल्याचा डग्गा ऐकून पाहा. नुसतं धाडधाड वाजलं तर पुढचं दुकान गाठा. पत्र्याच्या कपाटावर मात्र ठेवू नका, कपाटच गाऊ लागतं. खोक्यावर आरएमएस ठळक छापण्याची सक्ती व्हावी.

– एक जुना रेडिओ मेकॅनिक, परभणी