बाबांची रोजकीर्द

ती. आई-बाबांस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

फोनवर बोलले असते, पण फोनवर बाबा दोनदा 'हं' म्हणतात आणि आईच्या हातात फोन देतात. म्हणून पत्र. अक्षर मोठं काढलंय. आईच्या डोळ्यांना वाचवत नाही, तेव्हा बाबा, तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवा. म्हणजे मधलं काही गाळता येणार नाही.

त्या ८,००० रुपयांचं मला कळलंय. आईने सांगितलं, तिच्यावर रागावू नका. चर्चच्या कापणीच्या सणाच्या लिलावात भोपळे, कोंबड्या, तांदळाची पिशवी मिळून १,४०० आले. कच्च्या कागदावर तुम्ही बरोबर लिहिलंत. मंडळीचे कोषाध्यक्ष म्हणून तुम्ही लिहिता त्या रोजकीर्दीत, रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, उतरवताना त्या एकाची शेपटी नवासारखी दिसली आणि ९,४०० पडले. मेळ बसेना. आई रात्री दोनला पाणी प्यायला उठली तर तुम्ही डायनिंग टेबलावर टॉर्च आणि भिंग घेऊन बेरजा करत होतात. तीन रात्री. चौथ्या दिवशी पेन्शनमधून ८,००० काढून पेटीत टाकलेत आणि शिल्लक जुळवलीत.

बाबा, मी बावीस वर्षं बँकेत कॅशमध्ये आहे. माझ्या काउंटरला एकदा ५०० कमी पडले होते तेव्हा मीही पर्समधून भरायला निघाले होते. आमच्या हेड कॅशियर बाईंनी हात धरला. म्हणाल्या, कमी पडली तर कमी लिही, चूक सापडू दे. तू भरलेस तर चूक तिथेच राहील आणि तिच्या जोडीला एक खोटं येईल. तुम्ही पैसे घेतले नाहीत, दिलेत, हे खरं. पण वही तर खोटं बोलली ना? आणि मग तरुण संघाच्या त्या दोन मुलांनी लिलावाची चिठ्ठी आणि वही शेजारी ठेवून विचारलं, "सर, हे वरचे आठ हजार कुठले?", तर तुम्हाला लागलं. मला मात्र ती मुलं आवडली.

तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "बायबलमध्ये राजांच्या दुसऱ्या पुस्तकात वाच. मंदिराच्या डागडुजीचे पैसे ज्यांच्या हाती दिले त्यांच्याकडून हिशोबसुद्धा घेत नसत, कारण ती माणसं विश्वासू होती." बरोबर, बारावा अध्याय. पण तसेच पाच ओव्या मागे जा. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघं मिळून पैसे मोजायचे आणि थैल्यांत बांधायचे. एकट्याने नाही. आमच्या स्ट्राँगरूमलाही दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. जोखमीच्या जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पहिल्यांदा मला पाठवलं तेव्हा मीही रडले होते, मला चोर समजतात म्हणून. आता त्या दहा दिवसांत बाजरीचं पीठ दळून आणते, कपाटं लावते, आणि रात्री झोप लागते.

तुम्ही ३४ वर्षांत कधी रजा घेतली नाहीत.

१९९१ मधला तो रविवार मला आठवतो. मी नऊ वर्षांची. पाळकसाहेबांनी तुम्हाला पुढे बोलावलं, तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर शाईचा डाग होता आणि आई पदराआड हसत होती. तुम्ही हात वर करून म्हणालात, मंडळीचं हे काम मी प्रभूसाठी विश्वासूपणे करीन. त्या दिवसापासून आपल्या घरी रविवारचं जेवण तीनला. टेबलावर दानाच्या पिशव्या उलट्या व्हायच्या, रुपयाच्या नाण्यांच्या चळती लागायच्या, मी आणि दादा चार आणे, आठ आणे वेगळे करायचो. आतून मटणाचा वास, आणि आईची हाक, "भाकरी निवतेय हो." तुमचं ठरलेलं उत्तर: "देवाचा पैसा आधी." मला वाटतं माझी बँकेची नोकरी तिथेच ठरली.

मधल्या इतक्या वर्षांबद्दल काय लिहू? कौलं बदलली, पाळक सहा बदलले, वही तुमचीच राहिली.

पण बाबा, त्या शपथेत 'मरेपर्यंत' हा शब्द नव्हता. मी मनातल्या मनात दहादा म्हणून पाहिली. तो शब्द तुम्ही आयुष्यात एकाच शपथेत उच्चारलात, १९७६ मध्ये, आणि ती आईला दिलेली. सुखात-दुःखात, आजारात, मरण वेगळं करीपर्यंत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. एकदा मार्चअखेर म्हणून, एकदा ऑडिट म्हणून. आई मला म्हणाली, "जाऊ दे गं, देवाचं काम आहे." तिने तक्रार केली असती तर मी हे पत्र कदाचित लिहिलं नसतं.

तुमचं आवडतं पंधरावं स्तोत्र. वाहिलेली शपथ स्वतःच्या अहिताची झाली तरी जो मोडत नाही, तो. तिथे स्वतःचं अहित म्हटलंय. आईच्या डोळ्यांचं नाही.

आता तुम्ही पंडिता रमाबाईंचं काढणार, मला माहीत आहे. केडगावला त्या आजारी असताना मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलची शेवटची प्रुफं तपासूनच गेल्या, ५ एप्रिल १९२२ ला. हे तुम्ही आम्हाला दर नाताळच्या सुट्टीत त्यांच्या मुक्ती मिशनला नेऊन सांगितलंत. पण त्याच रमाबाईंचं आणखी एक आठवा. बोस्टनच्या मंडळाने त्यांना मदत कबूल केली होती ती दहा वर्षांपुरती. मुदत संपली तेव्हा, १८९८ मध्ये, त्या समुद्र ओलांडून अमेरिकेला त्या लोकांसमोर गेल्या. मुदतीचं वचन हलकं असतं, असं कुणी त्यांना म्हणालं का? आणि मुक्तीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला मुली होत्या, रमाबाईंनीच शिकवून तयार केलेल्या. तुम्ही कुणाला शिकवलंत, बाबा? गेली दहा वर्षं कुणी मदतीला आलं की तुम्ही चहा पाजून परत पाठवता. हे जरा कडक झालं. पण खोडत नाही.

लेव्यांना, म्हणजे देवाच्या मंडपात सेवा करणाऱ्या वंशाच्या माणसांना, पन्नाशीला जड सेवेतून मोकळं करायचे. बायबलमधलं गणना, आठवा अध्याय. पण घरी नाही पाठवायचे, भावांच्या जोडीला राहून मदत करायची मुभा होती. तुम्ही लेवी असतात तर २८ वर्षांपूर्वीच सुटला असतात, आणि आतापर्यंत चार कोषाध्यक्ष तयार केले असते.

मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघतेय. शनिवारी आपण दोघं बसू. ते ८,००० तुमच्या नावाने दान म्हणून पावती फाडून दाखवू, तारखेसकट. लिलावाची नोंद लाल शाईने छेदून खाली बरोबर आकडा आणि तुमची सही. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. मग त्या दोन मुलांपैकी जो कमी बोलतो त्याला बोलवा, त्याचं अक्षर बरं आहे असं आई म्हणते. वर्षअखेरीपर्यंत तो लिहील, तुम्ही शेजारी बसा.

मंडळीसमोर वही द्यायच्या दिवशी पाळकसाहेबांना शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचायला सांगा. म्हातारा शमुवेल सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, सांगा. तुम्हीही विचारा. मागच्या बाकावरून उत्तर द्यायला मी असेन.

आई, डॉक्टरांकडे मंगळवारची वेळ घेतली आहे. डावा डोळा आधी. मी आठवडाभर राहीन, रजा सक्तीची नाही, मागून घेतलीय. थेंब घालायची पाळी बाबांची: किती वाजता, कुठल्या बाटलीतून, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. कोरी वही मी आणतेय.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, भिंग त्या मुलाला देऊ नका. त्याचे डोळे चांगले आहेत.